मार्केट यार्डातील कर्जमध्यस्थ : परवाना कोणता, जोखीम कोणाची?

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात शेतमालाबरोबर पैशाचाही मोठा व्यवहार चालतो. शेतकऱ्याला हंगामाच्या तोंडावर उचल हवी असते, किरकोळ विक्रेत्याला भांडवल, तर टेंपोचालकाला वाहनकर्ज. बँकेची पायरी चढण्याआधी ही मंडळी ओळखीच्या माणसाला गाठतात. त्यातूनच कर्जमध्यस्थाचा धंदा उभा राहतो. मात्र कर्ज मिळवून देणे आणि कर्ज देणे या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. ही सीमारेषा नकळत ओलांडणाऱ्याला तुरुंगवासही घडू शकतो.

अडतीचा परवाना अपुरा

अडते, व्यापारी, तोलणार आदींना कृषी उत्पन्न बाजार समिती १९६३ च्या पणन कायद्याखाली परवाने देते. हे परवाने शेतमालाच्या व्यवहारापुरतेच असतात. त्यांच्या आधारे व्याजाने पैसे देण्याचा धंदा करता येत नाही. त्यासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो. मुंबई सावकार अधिनियम, १९४६ ची जागा या कायद्याने घेतली. मूळ धंदा दुसरा असला आणि सावकारी केवळ जोडधंदा असली, तरी परवान्यातून सुटका नाही.

हा परवाना सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयामार्फत मिळतो. विनापरवाना सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवाना विशिष्ट क्षेत्रापुरता असतो, हा मुद्दा मार्केट यार्डाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा. येथे माल घेऊन येणारा शेतकरी पुरंदरचा असतो, जुन्नरचा असतो. शहरापुरता परवाना असलेल्याने त्याला व्याजाने पैसे दिल्यास क्षेत्राबाहेरील कर्जाचा प्रश्न उभा राहतो. २०१५ साली राज्य शासनाने विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे माफ केली, तेव्हा क्षेत्राबाहेरील कर्जांवरून असाच पेच निर्माण झाला होता.

व्याजाची मर्यादा

२०१४ च्या अधिसूचनेने शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जावर वार्षिक ९ टक्के, तर विनातारण कर्जावर १२ टक्के ही कमाल मर्यादा ठरवली. इतरांसाठी हे दर अनुक्रमे १५ व १८ टक्के आहेत. बाजारात सहज बोलले जाणारे ‘महिना शेकडा दोन’ म्हणजे वर्षाला २४ टक्के, शेतकऱ्याच्या विनातारण मर्यादेच्या नेमके दुप्पट. चक्रवाढ व्याजाला मनाई आहे आणि व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापेक्षा अधिक घेता येत नाही. सावकारीतून बळकावलेली जमीन कर्जदाराला परत मिळवून देण्याचे अधिकारही जिल्हा निबंधकांना आहेत.

बँकेचा प्रतिनिधी

बँक किंवा बिगरबँक वित्तीय कंपनीसाठी ग्राहक आणणाऱ्या प्रतिनिधीची स्थिती वेगळी आहे. त्याचा अधिकार त्या संस्थेबरोबरच्या लेखी करारातून येतो. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. या सवलतीची छाया स्वतःच्या खिशातून पैसे देणाऱ्या प्रतिनिधीवर मात्र पडत नाही.

अॅपद्वारे दिल्या जाणाऱ्या कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये दोन गोष्टी स्पष्ट केल्या. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जावी आणि मध्यस्थाचे शुल्क कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यावे, कर्जदाराने नव्हे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ तसेच लघुउद्योगांच्या नव्या कर्जांसाठी सर्व आकारांसह वार्षिक खर्चाचा दर दाखवणारे पत्रक कर्जदाराला देणे संस्थांवर बंधनकारक आहे.

सही करण्यापूर्वी

मध्यस्थाचे सर्वाधिक नुकसान होते ते भिडेपोटी. ‘नुसती सही’ म्हणून जामीन राहिल्यास, करारात वेगळे काही नसेल तर, १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते रोखीने गोळा करून ते ‘पुढे भरतो’ म्हणणे, फुगवलेली उत्पन्नाची कागदपत्रे पुढे पाठवणे किंवा कोऱ्या कागदावर सह्या घेणे या गोष्टी फौजदारी कारवाईला निमंत्रण देतात.

म्हणून या धंद्यात उतरताना संस्थेची रिझर्व्ह बँकेकडील नोंदणी तपासावी, लेखी करार करावा, आपला मोबदला संस्थेकडूनच खात्यात घ्यावा आणि कर्जदाराच्या पैशाला हात लावू नये. पैसा ज्याच्या हातातून जातो, हिशेबही त्यालाच विचारला जातो.