झडती कुणाची?

समजा, भोकरच्या एखाद्या शाळेत पेन हरवले की दर वेळी पालावरच्या मुलांचीच दप्तरे तपासली जातात. मग चोर सापडलाच, तर त्यांच्यातच सापडणार! अशी नोंद चोरीपेक्षा झडतीबद्दलच अधिक सांगते.

ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हेच केले. अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवून त्यांच्यावर पोलिसांची हजेरी लादली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले, की शिक्का बसलेल्या माणसाला सरळ मार्गाने जगणेच अवघड होते. म्हणजे शिक्काही गुन्ह्याचे एक कारण ठरू शकतो.

तेव्हा पुढच्या वेळी पेन हरवले, तर आधी आपल्या टेबलाचा खण पाहूया!