सोफियाबाईंनी राखलेले घर

मॉस्कोच्या दक्षिणेस सुमारे दोनशे किलोमीटरांवर, तुला शहराजवळ, यास्नाया पोल्याना हे खेडे आहे. टॉलस्टॉयचे घर पाहायला तेथे माणसे जातात ती सरदारी वाडा पाहण्याच्या तयारीने. समोर दिसते ते बेताचे, पांढरे, दुमजली घर! १८२८ साली टॉलस्टॉय ज्या वाड्यात जन्मला, तो त्याने ऐन तारुण्यात जुगाराच्या देण्यापायी विकला, आणि घेणाऱ्याने तो उतरवून दुसऱ्या गावी नेला. आजचे घर म्हणजे त्या वाड्याशेजारची एक लहान इमारत.

मागे राहिला तो एक कातडी कोच. त्याच्यावर टॉलस्टॉय जन्मला, त्याची बहुतेक मुलेही जन्मली. तो अजून लेखनाच्या खोलीत आहे. टेबलाशी एक बुटकी खुर्ची आहे. दृष्टी अधू, पण चष्मा नको, म्हणून कागद डोळ्यांजवळ आणण्याची ही युक्ती!

हे पाहून आपण मनोमन टॉलस्टॉयला नमस्कार करतो. माझ्या मते त्यातला अर्धा सोफियाबाईंचा आहे. १८६२ साली, अठराव्या वर्षी त्या येथे आल्या. तेरा बाळंतपणे, जमीनजुमल्याचे हिशेब, आणि रात्री 'युद्ध आणि शांती'च्या गिचमिड हस्तलिखिताच्या पुन:पुन्हा स्वच्छ नकला! पुढे नवऱ्याला मालमत्तेचाच वीट आला. गांधीजींना त्याचे विचार पटले. पण एवढा संसार चालवणाऱ्या बाईला ते कसे पटावेत?

१९१० सालच्या ऑक्टोबरात (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे) ब्याऐंशी वर्षांचा टॉलस्टॉय पहाटेच्या अंधारात घर सोडून गेला आणि दहा दिवसांनी आस्तापोवो स्टेशनावर वारला. सोफियाबाई धावत तेथे पोहोचल्या. पण त्याची शुद्ध हरपेपर्यंत त्यांना आत सोडले नाही.

त्या परतल्या आणि ज्या घराला तो विटला होता, तेच त्याच्यासाठी जपत बसल्या. खोल्या होत्या तशा ठेवल्या, पुस्तकांच्या याद्या केल्या, आल्यागेल्याला घर दाखवले. १९१९ साली त्या गेल्या. सरकारी संग्रहालय झाले ते १९२१ साली. १९४१ साली जर्मन फौजा घरात शिरल्या आणि निघताना आग लावून गेल्या. नोकरवर्गाने ती विझवली. मोलाच्या वस्तू आधीच दूर सायबेरियात तोम्स्कला हलवल्या होत्या, म्हणून वाचल्या.

टॉलस्टॉयची समाधी जवळच्या रानात आहे: ना दगड, ना क्रूस, नुसता गवताचा उंचवटा. सोफियाबाई तेथे नाहीत. त्यांना कोचाकीच्या चर्चपाशी, टॉलस्टॉय घराण्याच्या दफनभूमीत पुरले आहे.