एका मायक्रॉनचे अठरा दिवस

नागपूरजवळ राखेच्या विटा पाडणाऱ्या एकाकडून मी मूठभर राख मागून आणली होती. औष्णिक वीज केंद्रातली, पिठासारखी मऊ. काचेच्या बरणीत पाणी घेतलं, त्यात दोन चमचे राख टाकली, झाकण लावून खळखळून हलवली आणि ओट्यावर ठेवून दिली. जाडसर कण बघता बघता तळाला बसले. थोडे पांढुरके कण उलट वर आले आणि दुधावर साय धरावी तसे तरंगत राहिले. ते आतून पोकळ असतात, काचेचे इवले फुगेच म्हणा. मधलं पाणी मात्र रात्री झोपताना राखाडी होतं आणि सकाळी चहाचं आधण ठेवताना पाहिलं तेव्हाही राखाडीच होतं.

हे का होतं, ते हिशेबाने कळतं. राखेचे कण साधारण एक ते शंभर मायक्रॉनचे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अगदी स्तब्ध पाण्यात शंभर मायक्रॉनचा कण एक मीटर खाली जायला दोन-तीन मिनिटं घेतो. दहा मायक्रॉनच्या कणाला चार तासांहून जास्त लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला अठरा दिवस. कण दहापट लहान झाला की वेळ शंभरपट वाढतो. आणि हे वारा नाही, लाट नाही, वरून पाऊस नाही असं धरून.

हे अठरा दिवस डोक्यात ठेवून अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात जाऊ. तिथल्या किंग्स्टन वीज केंद्राचा राखेचा बंधारा २२ डिसेंबर २००८ रोजी मध्यरात्रीनंतर, एक वाजायच्या सुमारास फुटला. पन्नासच्या दशकापासून तिथे ओली राख साठवली जात होती आणि ढीग जवळजवळ साठ फूट उंच झाला होता. काही वेळातच सुमारे ४१ लाख घनमीटर राख आणि पाणी बाहेर पडलं. लिटरमध्ये सांगायचं तर ४१० कोटी. आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे चार लाख दहा हजार टँकर. मिनिटाला एक, रात्रंदिवस, एकही न चुकता रिकामा केला तर साडेनऊ महिने लागतील. हा सगळा चिखल सुमारे ३०० एकरांवर पसरला आणि एमरी नदीचं पात्र भरून गेलं. तीन घरं राहण्याजोगी उरली नाहीत. कुणाचा जीव त्या रात्री गेला नाही.

बंधारा का फुटला याच्या तपासात बऱ्याच गोष्टी निघाल्या: वाढत गेलेली उंची, सैल आणि पाण्याने तुडुंब राख, बांधाची रचना. पण मला त्यातली एक विसरता येत नाही. ढिगाच्या पायथ्याशी अतिशय बारीक राखेचा एक पातळ, निसरडा थर होता. सगळ्यात उशिरा तळाला बसणारे कण तिथे साचले होते आणि त्यांच्यावर साठ फुटांचा डोंगर रचला गेला होता. माझ्या बरणीतलं मधलं पाणी सकाळपर्यंत ज्यांनी राखाडी ठेवलं होतं तसेच कण.

मग सुरू झाली सफाई. राख उचलायची म्हटलं की डोळ्यांपुढे जेसीबी आणि डंपर येतात. नदीतली राख तशी उचलता येत नाही. ती पाण्यासकट शोषून घ्यावी लागते, म्हणजे राख काढायची तर आधी घाण पाणी तयार करायचं. किंग्स्टनला नदीतून साधारण २७ लाख घनमीटर राख अशी काढली. एका भाग राखेबरोबर चारच भाग पाणी आलं असं धरलं (हा माझा अंदाज, आणि तो हात आखडून केलेला आहे) तरी १,०८० कोटी लिटर गढूळ पाणी होतं. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं असं धरा. अख्ख्या मुंबईचं पावणेतीन दिवसांचं पाणी, आणि प्रत्येक थेंबात राख.

हे पाणी आधी लांबलचक चरातून वाहू दिलं गेलं. जाड राख चरातच बसायची. ती यंत्राने उपसून, पसरून वाळवली जायची. पाणी पुढे एका तळ्यात, तिथून निवळण्याच्या दुसऱ्या तळ्यात आणि शेवटी परत नदीत. म्हणजे नदी साफ करताना निघालेलं पाणी त्याच नदीला परत द्यायचं होतं. अठरा दिवसांचा हिशेब इथे येऊन बसतो. शोषणारी यंत्रं थांबत नाहीत, बारीक कण बसत नाहीत आणि तळी काही रबराची नसतात. शिवाय पाऊस पडतच असतो. फुटलेलं तळं ३४ हेक्टरचं होतं. तेवढ्या जागेवर एक इंच पाऊस पडला तर ८६ लाख लिटर पाणी, म्हणजे आणखी ८६० टँकर.

पाणी डोळ्यांना नितळ दिसलं म्हणजे काम झालं असंही नाही. आपण घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो, कण एकमेकांना चिकटून खाली बसतात, पाणी स्वच्छ दिसतं. राखेच्या पाण्यात मात्र आर्सेनिक आणि सेलेनियम विरघळलेलं असतं, आणि विरघळलेलं काही नुसतं निवळून खाली बसत नाही. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दहा टँकरांत मिळून एक ग्रॅम. लोहाचे क्षार घातले की आर्सेनिक त्यांना धरून खाली येतं. सेलेनियम जास्त चिवट. त्याच्यासाठी कित्येक ठिकाणी जिवाणू पाळावे लागतात. अमेरिकेने २०१६ मध्ये साठलेल्या गोड्या पाण्यासाठी सेलेनियमची मर्यादा सुचवली ती लिटरला दीड मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम सेलेनियम सुमारे ६७ टँकरांत विभागलं की तेवढं होतं.

एवढ्याशा गोष्टीची कसली काळजी, असं वाटेल. नॉर्थ कॅरोलायनातल्या बेल्यूज तलावात सत्तरच्या दशकात राखेच्या तळ्याचं पाणी सोडलं जात होतं. तलावात सेलेनियम लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आसपास होतं. पाणी दिसायला निर्मळ होतं. पण शेवाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत ते साचत गेलं, माशांची पिल्लं वाकडी निपजू लागली, आणि तलावातल्या माशांच्या २० जातींपैकी १९ नाहीशा झाल्या. कोटी-अब्जांच्या आकड्यांनी मी इतका हादरलो नव्हतो, जितका या दहा मायक्रोग्रॅमने.

किंग्स्टनची वाळवलेली राख, सुमारे ४० लाख टन, आगगाडीने अलाबामा राज्यात पाचशे किलोमीटरहून दूर नेऊन टाकली. डब्याला शंभर टन धरले तर ४० हजार डबे. एका गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय वस्तीच्या शेजारी हा डोंगर उभा राहिला, आणि तिथेही त्यातून झिरपणाऱ्या पाण्याचा प्रश्न आलाच. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. खर्च झाला सुमारे ११८ कोटी डॉलर. सफाईला नऊशेहून जास्त कामगार राबले. त्यांतल्या अनेकांनी पुढे आजारपणाबद्दल दावे लावले, २०१८ मध्ये नॉक्सव्हिलच्या ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २०२३ मध्ये तडजोड झाली. तोवर त्यांच्यातले कितीतरी जण गेले होते. त्या मध्यरात्री कुणी मेलं नाही, हे वाक्य म्हणून अर्धंच खरं आहे.

आणि सगळी राख निघालीही नाही. सुमारे ३.८ लाख घनमीटर नदीतच ठेवावी लागली. जवळच ओक रिज आहे, जिथे दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबसाठी काम झालं. तिथून आलेलं किरणोत्सारी सीझियम नदीच्या जुन्या गाळात दबलेलं आहे. राख उपसायला जावं तर तेही वर यायचं. म्हणून नदीला हात न लावता तिच्यावर नजर ठेवायची असं ठरलं.

आता आपल्याकडे वळू. आपल्या कोळशात राख भरपूर असते, टनामागे तीन-चारशे किलो. २०२१-२२ या एका वर्षात देशातल्या वीज केंद्रांतून २७ कोटी टन राख निघाली. बरीचशी सिमेंटला, विटांना, रस्त्यांना जाते हे चांगलंच आहे. पण पाण्यात कालवून तळ्यात सोडलेली जुनी राख जागच्या जागी आहे. जुलै २०२२ मध्ये भर पावसात नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख नाल्यातून कोलार नदीत, पुढे कन्हानकडे गेली. त्याच कन्हानचं पाणी नागपूर पितं.

शंभर हेक्टरच्या राखेच्या तळ्यावर एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा कोटी लिटर पाणी साठतं. दहा हजार टँकर, एका दिवसात. विदर्भात असा दिवस काही नवलाचा नाही. म्हणून मला वाटतं, प्रत्येक राखेच्या तळ्याच्या काठावर, गावाच्या बाजूला, एक फळा हवा. बांधाची उंची किती, आज पाण्याची पातळी किती, अजून किती मिलिमीटर पाऊस पोटात घेता येईल आणि बाहेर सोडलेल्या पाण्यात आर्सेनिक किती, सेलेनियम किती. मोठ्या अक्षरांत, मराठीत, जूनपासून रोज बदललेले आकडे, शेताकडे जाणाऱ्या बाईला चालता चालता वाचता येतील असे.