डिजिटल बिनतारी संचांतील संकेतन-कूटबद्धीकरण

संकेतन-कूटबद्धीकरण ही डिजिटल दुतर्फी बिनतारी यंत्रणेतील एक सुरक्षापद्धती होय. हिच्यात बोलण्याबरोबरच संभाषण जुळवून देणारी माहितीही, म्हणजे बोलणाऱ्या संचाचा क्रमांक, गटाचा क्रमांक आणि नेमून दिलेली वाहिनी, गुप्त रूपात पाठवली जाते. त्यामुळे स्कॅनरला, म्हणजेच अनेक वारंवारता आळीपाळीने तपासणाऱ्या ग्राहक संचाला, संभाषणाचा मागोवा घेता येत नाही.

पार्श्वभूमी

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. येथील दाट जंगलात बिनतारी संच हे पोलीस व वनकर्मचारी यांच्या संपर्काचे महत्त्वाचे साधन आहे. अ‍ॅनालॉग संचावरील संभाषण त्या वारंवारतेवर लावलेल्या कोणत्याही ग्राहक संचावर ऐकू येते. माओवादी हिंसाचार अनुभवलेल्या या भागात संदेश बाहेर फुटणे जिवावर बेतू शकते.

केवळ आवाज कूटबद्ध असल्यास

डीएमआर या प्रमाणप्रणालीत सामान्यतः आवाजच कूटबद्ध होतो. संच व गट यांचे २४ बिटांचे क्रमांक आणि ० ते १५ यांपैकी एक कलर कोड उघड राहतात. स्कॅनरवर शब्द कळत नाहीत. मात्र कोणता संच केव्हा व किती वेळ बोलला, हे दिसते. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी असलेल्या मार्कंडा येथे महाशिवरात्रीची यात्रा भरते. तेथील बंदोबस्तात असे संच वापरले, असे समजा. एक शब्दही न समजता, ऐकणाऱ्याला संचांच्या संख्येवरून मनुष्यबळाचा अंदाज बांधता येईल.

संकेतनही कूटबद्ध असल्यास

टेट्रा प्रणालीत हवेतून जाणारे संकेतनही कूटबद्ध करण्याची सोय आहे. ट्रंकिंग यंत्रणेत नियंत्रण-वाहिनी प्रत्येक संभाषणाला वाहिनी नेमून देते. हा आदेश वाचता न आल्यास स्कॅनरला संभाषण कोठे गेले ते कळत नाही. जाळ्याची ओळख सांगणारी काही मूलभूत माहिती मात्र उघडच राहते, कारण तिच्याविना अधिकृत संचही जाळ्याशी जुळू शकत नाहीत.

मर्यादा

कूटबद्धीकरणाने रेडिओ लहरी लपत नाहीत. प्रक्षेपण चालू असल्याचे स्कॅनरला कळते आणि दिशाशोधक यंत्राने त्याचे स्थानही शोधता येते. म्हणून गस्तीवर अनावश्यक न बोलणे, ही जुनी शिस्त आजही उपयुक्त ठरते. शिवाय पद्धतीतच दोष असू शकतो. नेदरलँड्समधील मिडनाइट ब्लू या संस्थेने २०२३ मध्ये टेट्रातील त्रुटी उघड केल्या. टीईए१ या अल्गोरिदमची ८० बिटांची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांएवढीच प्रभावी ठरत होती. संचांचे क्रमांक झाकण्याची पद्धतही कमकुवत आढळली.

कायदेशीर स्थिती

भारतात दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ नुसार बेकायदेशीरपणे संदेश मध्येच टिपणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.