आवाज उतरवणारी पाती

‘नागास्त्र-१’ हे नागपुरात तयार होणारे आत्मघाती ड्रोन. जून २०२४ मध्ये त्याची १२० नगांची पहिली खेप भारतीय लष्कराकडे गेली. एकूण मागणी ४८० नगांची होती. सोलर उद्योगसमूहाच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज लिमिटेडने बंगळुरूच्या झेड-मोशनला सोबत घेऊन ते विकसित केले. वजन सुमारे ९ किलो, स्फोटक १ किलोचे, नेम चुकलाच तर सुमारे २ मीटरने. मोहीम रद्द झाली तर पॅराशूटने ते सुखरूप खालीही उतरवता येते. बातम्यांत गाजले ते हेच आकडे. पण या यंत्राचा आणखी एक गुण आहे आणि त्याची चर्चा विदर्भात व्हायलाच हवी. कंपनीच्या म्हणण्यानुसार हे ड्रोन २०० मीटरच्या वर गेले की खाली उभ्या माणसाला त्याचा आवाज जवळपास लागत नाही.

हे साधते कसे? एक तर त्याला इंजिन नाही, विजेवरची मोटर आहे. त्यामुळे सायलेन्सरचा फटफटाट नाही. दुसरे म्हणजे त्याला विमानासारखे स्थिर पंख आहेत. वजन पंख पेलतात, प्रोपेलरला फक्त पुढे ढकलण्याचे काम उरते. लग्नसमारंभात चित्रीकरण करणाऱ्या चार पंख्यांच्या ड्रोनला ही सवलत नसते. त्याचे सगळे वजन प्रोपेलरवरच असते, त्यामुळे हवेत असेपर्यंत त्यांना उसंत मिळत नाही.

प्रोपेलरच्या आवाजाचे गणित समजायला सोपे आहे. समजा, दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला ६,००० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला १०० फेरे आणि प्रत्येक फेऱ्यात हवेला दोन धक्के. कानावर येतो तो २०० हर्ट्झचा सूर आणि त्याच्या पटीतले वरचे सूर. त्यात भर पडते पात्याच्या मागच्या कडेवरून विस्कटत सुटणाऱ्या हवेच्या फुसफुशीची. या फुसफुशीचा बराच भाग २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि माणसाचा कान नेमका तिथेच सर्वांत तिखट असतो. चार पंख्यांच्या ड्रोनमध्ये वाऱ्यात तोल सावरताना चारही मोटरींचा वेग क्षणोक्षणी बदलतो, म्हणून सूर एकमेकांत मिसळून थरथरत राहतात. नासाच्या लँगली केंद्राने २०१७ मध्ये ३८ जणांना ड्रोनचे आणि मोटारगाड्यांचे आवाज ऐकवले. आवाजाची पातळी सारखी असतानाही ड्रोनचा आवाज लोकांना जास्त त्रासदायक वाटला. म्हणजे नुसते डेसिबल मोजून भागत नाही, आवाजाचा पोतही पाहावा लागतो.

यावरचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग कमी करणे. आवाजाची ऊर्जा साधारण या वेगाच्या पाचव्या-सहाव्या घातात वाढते. प्रोपेलरचा व्यास दुप्पट केला, तर तेवढेच वजन उचलायला फेरे एक चतुर्थांश पुरतात आणि टोकाचा वेग निम्म्यावर येतो. कागदावर ही घट १५ डेसिबलच्या पुढे जाते. नागपूरकराला हे उन्हाळ्यात घरोघरी कळते: कूलरचा छोटा, भन्नाट फिरणारा पंखा घर डोक्यावर घेतो, तर छताचा रुंद पंखा सावकाश फिरून खोलीभर हवा खेळवतो. अडचण इतकीच की मोठे पाते जड असते, झोत आला की वेग चटकन बदलू शकत नाही आणि ड्रोनचा सांगाडाही त्याच्यामुळे ऐसपैस होतो.

म्हणून मग पात्याच्या आकाराकडे वळावे लागते. घुबडाच्या पिसांची पुढची कड कंगव्यासारखी आणि मागची झालरीसारखी असते. तिच्यावरून अभियंत्यांनी पात्यांना दातेरी कडा दिल्या. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने पात्यांची टोके एकमेकांना जोडून वळ्यासारखा प्रोपेलर तयार केला. मोटरला वीज देणाऱ्या सर्किटनेही फरक पडतो: टप्प्याटप्प्याने झटके देण्याऐवजी लहरीसारखा गुळगुळीत प्रवाह दिला की मोटरची किणकिण घटते. डीजेआय कंपनीने २०१७ मध्ये नवी पाती आणि असे सर्किट एकत्र वापरून आपल्या ‘मॅविक प्रो’ ड्रोनचा आवाज ४ डेसिबलपर्यंत उतरवल्याचे जाहीर केले. ४ डेसिबल म्हणजे ध्वनिऊर्जेत ६० टक्के घट. कानाला आवाज निम्मा वाटायला मात्र सुमारे १० डेसिबलची घट लागते.

या सगळ्याची खरी गरज आहे ती शेतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवरचा पंप उतरवून माणसाला विषाच्या फवाऱ्यापासून दूर नेणारे यंत्र म्हणून फवारणीचे ड्रोन विदर्भाला हवेच आहे. केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेने देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांपर्यंत ड्रोन नेण्याचे ठरवले आहे. पण दहा लिटर औषध उचलणाऱ्या यंत्राचा प्रोपेलर ७६ सेंटिमीटरचा आणि फेरे मिनिटाला ३,००० धरले, तर पात्याचे टोक ताशी सुमारे ४३० किलोमीटरने हवा कापते. असे चार किंवा सहा प्रोपेलर एकाच वेळी फिरत असतात आणि ते चालवणारी ताई हंगामभर बांधावर उभी असते. तिच्या कानांचा विचार यंत्राच्या आराखड्यातच व्हायला हवा.

काही गोष्टी तर गावातही करता येतात. बॅटरी काढून ठेवायची आणि पात्याच्या पुढच्या कडेवरून नख फिरवायचे. फांदीला घासून पडलेला बारीक खड्डा डोळ्याला दिसला नाही तरी नखाला लागतो. अशा पात्याने तोल जातो, सांगाडा थरथरतो आणि टाकीसुद्धा घुमू लागते. प्रोपेलर काढून मधल्या भोकात गुळगुळीत सळई घालून आडवी धरली की जड बाजू खाली झुकते. हलक्या पात्याच्या पाठीला चिकटपट्टीचा तुकडा लावून तोल साधला जातो. कड फुटली असेल तर मात्र पाते बदललेच पाहिजे. तोल सांभाळला की आवाज उतरतो आणि मोटरीच्या बेअरिंगचे आयुष्यही वाढते.

मोठे काम मात्र धोरणाचे आहे. देशात २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ही मर्यादा परिसराची झाली. यंत्राचा आवाज यंत्रावरच लिहिलेला हवा. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमांनी ठरावीक वर्गांतल्या ड्रोनना आवाजाची कमाल पातळी घालून दिली आणि तो आकडा ड्रोनवर छापणे बंधनकारक केले. मोजणारी संस्था शोधायला आपल्याला दूर जायला नको. १९५८ मध्ये स्थापन झालेली ‘नीरी’ ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था नागपुरातच आहे आणि महाराष्ट्रातल्या शहरांचे ध्वनिनकाशे तिने केलेले आहेत.

लष्कराला शत्रूच्या कानापासून लपणारे यंत्र हवे होते, म्हणून त्याच्या आराखड्यात शांततेला जागा मिळाली. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी भुयारी वाटा आणि आवाज अडवणारे पडदे उभे राहिले, कारण त्यांच्यासाठी कोणीतरी आग्रह धरला. शेतीच्या ड्रोनसाठीही असाच आग्रह धरायला हवा. सरकारी अनुदानाने घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक फवारणी ड्रोनवर मोजलेला आवाज छापलेला असावा आणि निविदेत किमतीबरोबर त्या आकड्यालाही गुण असावेत. एवढी एक अट घातली, तर चांगली पाती घडवणे कारखानदारांच्याच फायद्याचे ठरेल.