एकच साक्षीदार, तीन जबाब

मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलात की शिवराजेश्वराचं मंदिर बघताच. ते राजाराम महाराजांच्या काळातलं. आज त्यांच्या राणीबद्दल, ताराबाईंबद्दल लिहितोय. मी विज्ञानाचा विद्यार्थी, इतिहासाचा नाही. पण पुरावा तपासायची सवय लावून घ्यायला ही केस झकास आहे.

१७०० मध्ये राजाराम वारले. ताराबाईंनी लहानग्या मुलाला गादीवर बसवलं आणि औरंगजेबाशी लढा चालू ठेवला. इंग्लंडमध्ये ११४१ साली मटिल्डाने गादी स्वतःसाठी मागितली होती. ताराबाईंचा दावा मात्र कायम मुलाच्या, पुढे नातवाच्या नावाने. त्यामुळे 'हा खरा कोण?' यावरच सगळं अडायचं.

१७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा ताराबाई म्हणाल्या, हा तोतया. ते काही टिकलं नाही. खेडच्या लढाईत त्यांची बाजू हरली. पुढे शाहूंना वारस उरला नाही. कोल्हापूरचे संभाजी, म्हणजे सवत राजसबाईंचे चिरंजीव, गादीवर येण्याची शक्यता होती. तेव्हा ताराबाईंनी सांगितलं, माझा नातू लपवून वाढवलाय. तोच रामराजा १७५० मध्ये छत्रपती झाला. त्याच वर्षी त्याने पेशव्यांना दूर करायला नकार दिला, तर ताराबाईंनी त्याला साताऱ्यात कैद केलं. आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली: हा माझा नातू नव्हे!

आता तुमच्यातले निम्मे म्हणतील, बाईंचा स्वार्थ होता, म्हणून शपथ खोटी. थांबा. नातू म्हणण्यातही स्वार्थ होताच की! मग कुठला जबाब फेकणार? स्वार्थ कळला की माणूस ते का बोलला एवढंच कळतं. ते खरं की खोटं हे नाही कळत. त्यासाठी ताराबाईंवर अवलंबून नसलेला पुरावा हवा. मीही पहिल्या वर्षी एक पेपर 'पैसा कंपनीचा आहे' म्हणून न वाचताच बाजूला टाकला होता. नंतर आकडे स्वतः मोजले, ते बरोबर निघाले.

पेशव्यांनी ती शपथ ऐकली आणि रामराजालाच छत्रपती ठेवलं. १७७७ मध्ये वारेपर्यंत गादी त्याच्याच नावावर होती.