साल कोणतं? इंजिन कोणतं?

नोकरी हिंजवडीत, घर सेलूला आणि दारात फोर बाय फोर? मग गावातल्या स्पेअर पार्ट्सवाल्याशी दोस्ती कराच!

ऑफ-रोडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? लोणावळ्याकडचा चिखल, गाडीवरचे स्टिकर्स आणि सोमवारी ऑफिसात दाखवायचे फोटो. पण बॉस, परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात पावसाळ्यात नुसतं शेतावर जायचं म्हटलं तरी ऑफ-रोडिंगच होतं! इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला अशी चिकटते की चाक जागच्या जागी फिरत राहतं. या इव्हेंटला एन्ट्री फी नाही आणि मेडलही नाही. गाडी बंद पडली तर पेरणीचा दिवस बुडतो, एवढंच!

म्हणूनच तालुक्याच्या गावात स्पेअर पार्ट्सचं छोटं दुकान म्हणजे सॉलिड महत्त्वाची जागा. एसी नाही, कॉफी मशीन नाही, 'हाऊ मे आय हेल्प यू' तर नाहीच नाही. छताला फॅनबेल्ट टांगलेले, मागे खोक्यांची भिंत आणि काउंटरवर ग्रीसचे डाग. पण चांगला दुकानदार असेल तर तो पहिल्यांदा पार्ट दाखवत नाही, प्रश्न विचारतो. साल कोणतं? इंजिन कोणतं? जुना पार्ट आणलाय का?

नाव एक, गाड्या अनेक

'थारची क्लच प्लेट द्या' म्हणून भागत नाही, भाऊ. 2010 मध्ये आलेली थार वेगळी. 2020 मध्ये नाव तेच ठेवून पूर्ण नवी गाडी आली, तिच्यात पेट्रोल आणि डिझेल असे दोन पर्याय. 2023 मध्ये फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी दीड लिटर डिझेलची आली आणि 2024 मध्ये पाच दारांची रॉक्स. जुन्या जीपचं तर विचारूच नका! कुणी मधेच इंजिन बदललेलं असतं, कुणी गिअरबॉक्स दुसऱ्याच गाडीचा बसवलेला असतो. आरसी बुक एक सांगतं आणि बॉनेट उघडल्यावर दुसरंच दिसतं.

अशा वेळी कामाला येतो तो जुना पार्ट. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. 6205 म्हणजे आतला व्यास 25 मिलिमीटर, बाहेरचा 52 आणि जाडी 15. सेलूत घ्या नाहीतर सिंगापुरात, माप तेच! नंबर झिजला असेल तर दुकानदार व्हर्नियर लावून माप घेतो. तुमची पाच मिनिटं जातात, पण गावाकडची दुसरी चक्कर वाचते.

न विकणं हीसुद्धा सर्व्हिस

समजा, चिखलातून गाडी काढली आणि दोन दिवसांनी मागच्या चाकाच्या आतून ऑइल गळायला लागलं. तुम्ही दुकानात जाऊन ऑइल सील मागता. सील विकणं एकदम सोपं. पण जाणकार दुकानदार विचारतो, 'दादा, ब्रीदर साफ केला का?'

अॅक्सलच्या वर हवा ये-जा करायला एक छोटीशी वाट असते, तोच ब्रीदर. चिखलानं तो बुजला की गाडी चालताना आतली तापलेली हवा कोंडते आणि ऑइलला सीलच्या कडेनं बाहेर ढकलते. ब्रीदर साफ न करता नवीन सील बसवलं तर तेही गळणार. मग तुम्ही पुन्हा येणार, पुन्हा पैसे देणार. असा गिऱ्हाईक पुन्हा येणं धंद्याला वाईट नाही! तरीही जो आधीच सांगतो, तो आजची विक्री सोडून उद्याचा विश्वास कमावतो.

खरा फंडा इथेच आहे. शहरात आपण हसून बोलण्याला सर्व्हिस म्हणतो. इथे सर्व्हिस म्हणजे माहिती आणि तिची जबाबदारी. चुकीचा पार्ट दिला, तर तोच गिऱ्हाईक बाजाराच्या दिवशी चारचौघांत समोर उभा राहणार असतो. तिथे 'तुमची तक्रार नोंदवली आहे' असा मेसेज पाठवून सुटका नाही.

सल्ला इथे, ऑर्डर तिथे?

आता आपल्याबद्दल बोलू. अर्धा तास काउंटरवर उभं राहायचं, नंबर काढून घ्यायचा, फॉल्ट समजून घ्यायचा आणि मग दोनशे रुपये वाचतात म्हणून मोबाइलवर ऑर्डर द्यायची. स्मार्ट वाटतं ना? पण त्या दोनशे रुपयांत त्याचं ज्ञानही होतं. सगळेच असं वागले तर एक दिवस शटर खाली येईल. आपण पुण्यात असू. अडचण होईल ती भर पावसात ट्रॅक्टर अडकलेल्या काकांची. आणि ब्रेकचा पार्ट असेल तर प्रश्न फक्त गैरसोयीचा राहत नाही.

याचा अर्थ डोळे मिटून विश्वास ठेवा असा नाही. पक्कं बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत परत न घेणंही त्यातच येतं. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ती 30 दिवसांची धरतात. चांगल्या दुकानदाराला बिल मागितल्याचा राग येत नाही.

गावी निघण्यापूर्वी

• आरसी आणि इंजिन नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
• जुना पार्ट फेकू नका, पुसून सोबत न्या.
• कंपनीचा आणि लोकल, दोन्हींचा भाव विचारा. ब्रेक आणि स्टीअरिंगमध्ये मात्र काटकसर नको.
• दुकानदाराचा नंबर सेव्ह करा. दिवाळीला एक फोन करा, तोही पार्ट न मागता!